भुकेची रेघ

सिंगापुरात नव्या मराठी माणसाशी ओळख झाली की तीन प्रश्न ठरलेले. मूळचे कुठले, कुठल्या कंपनीत, आणि पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी, झाली का? दुसऱ्या प्रश्नाला मी "ससाणा सांभाळते" असं उत्तर दिलं की समोरचा हातातली डिश तशीच धरून माझ्या नवऱ्याकडे बघायचा. नवरा आयटीत आहे असं कळलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे घर व्यवस्थित चालतंय, बाईंचा हा आपला छंद आहे. छंद कसला डोंबलाचा! डाव्या हातावर किलोभराचा पक्षी आणि कमरेच्या पिशवीत कापलेली कोंबडीची पिल्लं, अशी सात वर्षं मी नोकरी केली. माझा डावा खांदा अजून दुखतो.

मी सांगलीची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून तिथल्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. दोन हजार दहाच्या सुमारास नवऱ्याच्या पासवर इथे आले आणि क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंती बघायला लागले. अशात एका लहानशा कंपनीची जाहिरात दिसली. शिकारी पक्षी सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखतीत मालकांनी एवढंच विचारलं, "रक्ताची भीती वाटते का?" माहेरी आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मी म्हटलं, "अजिबात नाही."

या अंकाच्या संपादकांनी "बाई, गमतीजमती लिहा" असं सांगितलंय. गमती आहेत की. रॅफल्स प्लेसच्या एका बड्या ऑफिसात साहेबलोकांना 'एकाग्रता' शिकवायला आम्हाला पक्ष्यासकट बोलावलं होतं. मोठ्या साहेबांनी कोट-टाय घालून ससाणा हातावर घेतला आणि नजर, ध्येय, झेप यांवर भाषण सुरू केलं. ससाण्याचं पोट जड झालं की तो आधी पुढे झुकतो, मग शेपटी वर उचलतो. मी दोनदा "सर, सर" म्हटलं. साहेब ऐकतात कुठले! मग जे व्हायचं ते झालं, आणि हे प्रकरण चांगलं पाच-सहा फूट लांब उडतं, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या मॅनेजरीणबाईही सुटल्या नाहीत. पुढचा तास सगळ्यांचं लक्ष खरोखर एकाग्र होतं.

अशा आणखी चार सांगता येतील. पण लिहायला बसले की डोळ्यांपुढे येते ती आक्का, आणि तिची गोष्ट गमतीची नाही. अंक चाळणाऱ्यांचा मूड जाईल, जाऊ दे. मला ती सांगायची आहे.

आक्का म्हणजे आमची ससाण्याची मादी. तांबूस खांदे, पिवळे पाय, शेपटीच्या टोकाला पांढरी पट्टी. जात अमेरिकेतली, जन्म युरोपातल्या कुठल्याशा पिंजऱ्यातला. मराठीत या जातीला नाव नाही, मी ससाणा म्हणते, जाणकारांनी चालवून घ्यावं. कंपनीच्या कागदावर तिचं नाव 'डचेस' होतं. पण आल्या दिवसापासून तिने माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला माझी थोरली नणंदच आठवली. म्हणून आक्का.

आता हा धंदा काय आहे ते सांगते. शिकारी पक्षी माणसावर प्रेम करत नाही. तो हातावर परत येतो तो भूक लागलेली असते म्हणून. पोट भरलेलं असेल तर झाडावर बसून राहील, तुम्ही खाली उभं राहून कितीही लाडीगोडी लावा. भूक फार झाली तर अंगात उडायची ताकद राहत नाही. त्यामुळे सगळी विद्या वजनकाट्यावर. आक्का नऊशे वीस ग्रॅमला उत्तम शिकार करायची. साडेनऊशेला कंटाळा करायची, नऊशेच्या खाली गेली की डोळे बारीक करून बसायची. रोज सकाळी काट्यावरच्या दांडीवर तिला बसवायचं, आकडा बघायचा, तिने रात्री ओकलेली पिसांची गोळी तपासायची आणि मग आज किती पिल्लं द्यायची ते ठरवायचं. वजन उतरवायचं असेल तर मांस पाण्यात धुऊन द्यायचं. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगाला काही लागत नाही.

मी या दिवसांना आक्काचे उपास म्हणायचे. आमच्या घरात चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार सगळं चालायचं. लहानपणापासून उपास करत आलेय, त्याने कुणाचं काही बिघडलेलं बघितलं नव्हतं. आपण मनाने धरतो तो उपास, आणि दुसऱ्याला खायला न देणं म्हणजे उपासमार, हा फरक मला एम.एस्सी. होऊनही कळला नाही.

वर्षातून एकदा मात्र हे सगळं थांबवावं लागतं. पक्षी जुनी पिसं टाकतो आणि नवी उगवतात. पाच-सहा महिने चालतं ते. त्या काळात त्याला उडवायचं नाही, कामाला लावायचं नाही. लावा पक्षी, उंदीर, पिल्लं, जे खाईल ते पोटभर घालायचं. आक्का त्या दिवसांत अकराशेपर्यंत जायची आणि कुणाला विचारायची नाही. नवं पीस उगवत असताना एक दिवस जरी कमी पडलं, तरी त्या दिवसापुरतं पीस कच्चं होतं. त्याच्यावर आडवी बारीक रेघ उमटते, ब्लेडने ओढल्यासारखी. आमच्या धंद्यात तिला भुकेची रेघ म्हणतात. पीस पूर्ण वाढतं, छान दिसतं, आणि पुढे कधीतरी नेमकं त्या रेघेवर मोडतं.

थंडीच्या देशांत दिवस लांबला की पक्ष्याला आपोआप समजतं, आता पिसं टाकायची. सिंगापुरात बारा महिने सातला उजाडतं, सातला मावळतं. पक्ष्याला ना उन्हाळा कळत ना हिवाळा. मालकांचं तर म्हणणं होतं, सीझनच नाही तर सुटी कशाला? त्यामुळे कधी थांबायचं हे सांभाळणाऱ्या माणसाने ठरवायचं. म्हणजे मी. पंखाच्या मधोमध असलेलं पहिलं पीस पडलं की थांबायचं, हा आमचा नियम. आक्काचं ते पीस गणपतीच्या आगेमागे पडायचं.

मला हे सगळं शिकवलं हमीद अंकलनी. साठीचे मलाय गृहस्थ, तीस वर्षं पक्ष्यांत काढलेली. मला 'सिस्टर' म्हणायचे, आणि दिवसातून दहा वाक्यांच्या वर बोलायचे नाहीत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आमच्याकडे बुकित तिमाहच्या एका कॉन्डोचं, म्हणजे खासगी सोसायटीचं, काम होतं. स्विमिंग पूलच्या कडेला रेन ट्रीची जुनी झाडं, आणि संध्याकाळी सहा वाजले की त्यांवर शेकड्यांनी साळुंक्या उतरायच्या. कलकलाट असा की फोनवर बोलता यायचं नाही. गाड्या, बाक, पूलचं पाणी, सगळ्यांवर शिटांचा सडा. सरकारी परवाना काढून आम्ही तिथे आक्काला सोडायचो. दर वेळी शिकार होईच असं नाही, आणि व्हायची गरजही नसते. ती फांद्यांमधून दोन-तीनदा गेली, आठवड्याला एखादी साळुंकी तिच्या पंजात सापडली, की बाकीच्यांना कळतं ही जागा सुरक्षित नाही. तीन आठवड्यांत झाडं मोकळी झाली. कॉन्डो कमिटीच्या अध्यक्षा मिसेस आँग यांनी मला केकचा डबा दिला. गणपती बसले, दहाव्या दिवशी गेले, आणि आक्काचं पहिलं पीस पडलं. मी पिल्लांची रास तिच्यापुढे ठेवली. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं होतं.

मग पितृपक्ष लागला आणि चौथ्या दिवशी मिसेस आँगचा फोन आला. "यू सेड गॉन. नाऊ मोअर लाह!"

मी जाऊन बघते तर खरंच पहिल्यापेक्षा जास्त. आणि या वेळी संध्याकाळीच नाही, सकाळीही. मालक म्हणाले, काम आपलं, हमी आपली, उद्यापासून पक्षी घेऊन जा. आमचा दुसरा पक्षी, एक नर, निम्मी पिसं टाकून बसला होता, त्याला उडवणं शक्यच नव्हतं. हमीद अंकलनी पडलेलं पीस माझ्यापुढे धरलं. "सिस्टर, फेदर डाउन. शी रेस्ट."

"दोनच आठवडे, अंकल."

त्यांनी पीस खिशात घातलं आणि निघून गेले. दहांतलं आणखी एकही वाक्य माझ्यावर खर्च केलं नाही.

आक्काला परत नऊशे विसावर आणलं. धुतलेलं मांस. तिसऱ्या दिवशी सकाळी साळुंक्या येतात कुठून ते बघायला मी कॉन्डोत गेले. झाडांखाली मान वर करून उभी होते. थवाच्या थवा सातव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीकडे चाललेला, आणि तिथे पांढरा सदरा घातलेले एक आजोबा कठड्यावर पान मांडत होते. पान म्हणजे पान! वर गेल्यावर बघितलं, भात, वरण, वडा, खीर.

माझी त्यांची तोंडओळख होती. सबनीस आजोबा. आधीच्या महिन्यात आक्काला हातावर बघून बाकावरून उठून आले होते. "मराठी का तुम्ही? कुठल्या?" सांगलीची म्हटल्यावर खूश झाले, आक्का हे नाव ऐकून तर पोट धरून हसले. पुण्यात इंजिनिअर होते, पत्नी गेल्यावर मुलाने इकडे आणलं. मुलगा-सून सकाळी ऑफिसला, नात शाळेला. दिवसभर बोलायला कुणी नाही. बोलता बोलता मी 'तुम्ही'ची 'तू' कधी झाले मला कळलंच नाही.

त्या सकाळी मी वर गेले. त्यांनी मला बसवलं, खिरीची वाटी दिली. हिचं पहिलंच वर्ष, म्हणून पंधरवडाभर रोज पान, म्हणाले. इथे कावळा काही येईना. पहिल्या दिवशी दोन तास उभे होते. मग एक साळुंकी आली आणि वड्यावर जी तुटून पडली!

"हिला वडा फार आवडायचा गं. कावळा नसेल मिळाला तिला इथे. साळुंकी मिळाली. तशी होतीच ती जरा चुरूचुरू बोलणारी." एवढं बोलून डोळे पुसत हसले.

आता मला सांगा, यावर काय बोलायचं? मला माहीत होतं, पक्ष्यांना असं खायला घालायला इथे बंदी आहे, तक्रार झाली तर दंड आहे. मला माहीत होतं, यांच्या या पानामुळे झाडावर साळुंक्या आहेत, आणि साळुंक्यांमुळे माझी आक्का उपाशी आहे. मला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. "आजोबा, एवढं करू नका, माझ्या पक्ष्याला त्रास होतोय." मराठीत. दोघांचीही भाषा तीच. मी खीर संपवली, "छान झालीय" म्हटलं आणि खाली आले.

भीड पडली. दुसरं काही नाही. वयाने वडिलांएवढा माणूस, बायकोचं पहिलं वर्ष, पितृपक्षाचं पान. ते उचला असं कुठल्या तोंडाने सांगू? आठवड्याभरात सर्वपित्री होईल, पान बंद होईल, साळुंक्या जातील, असा मी हिशेब केला. मिसेस आँगनाही सांगितलं नाही. हमीद अंकलना तर नाहीच.

सर्वपित्री झाली. पान बंद झालं नाही. खाली भेटले तेव्हा मीच विचारलं, "अजून ठेवता, आजोबा?" म्हणाले, "थांबवू कसं? सकाळी कठड्यावर येऊन वाट बघत बसतात." वडा-खीर गेली, नुसता भात राहिला, पण दोन वेळचा.

पुढचे चार आठवडे मी जे केलं त्याला वेडेपणा म्हणतात. सकाळी आजोबा साळुंक्या बोलवायचे, संध्याकाळी मी त्या पळवायचे. मधल्यामध्ये आक्का. तिची पिसं जोडीजोडीने पडत होती, नवी पिसं निळसर नळ्यांसारखी डोकावत होती, आणि मी तिला मोजून अर्धं पिल्लू देत होते. ती ओरडायची. एरवी कधी ओरडत नसे. पिलं आईकडे मागताना ओरडतात तशी, पिसं फुगवून, मी दिसले की. मी तिला चक्क मराठीत समजवायचे, "आक्का, थोडे दिवस गं." तिला काय कळणार? आणि पंखात फटी पडलेल्या असूनही ती उडायची. हातावरून सोडली की जायची. भूक होती ना.

आजोबांना खाली बघितलं की मी पक्षी गाडीच्या आड न्यायचे. ते वरून हात करायचे, मीही करायचे.

दिवाळीला आजोबा मुलाबरोबर पुण्याला गेले आणि आठवड्याभरात झाडं रिकामी झाली. मिसेस आँगनी कमिटीपुढे माझं कौतुक केलं, फोटो काढला, मालकांनी मला मुख्य ट्रेनर केलं. मी फोटोत हसतेय. तो फोटो मी ठेवलेला नाही.

मग आक्काला पोटभर घातलं. लावा, उंदीर, मागेल तेवढं. मनाची समजूत अशी की आता भरून निघेल. ज्याने पोरांना वाढवलंय त्याला माहीत असतं, असं भरून निघत नसतं. मार्चमध्ये पिसं पूर्ण झाली. हमीद अंकलनी तिचा पंख उजेडाकडे धरून उलगडला. जवळजवळ प्रत्येक पिसावर रेघा. एकीखाली एक, वहीच्या पानासारख्या. अंकलनी एका पिसावरून बोट खाली खाली नेलं. "मंडे," ते म्हणाले. "ट्यूज्डे. वेन्सडे." मग पंख हलकेच मिटला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये शेपटीची दोन पिसं मोडली, मग पंखातलं एक. मोडलेल्या पिसाला जुनं, गळून पडलेलं पीस जोडता येतं. आतल्या पोकळीत बांबूची बारीक काडी घालून डिंकाने चिकटवायचं. सुईत दोरा ओवण्यासारखं किचकट काम, आणि माझा हात त्यात बरा बसलेला. मी तीनही जोडली. दोन आठवड्यांत शेजारची मोडली. तिला वर्षभर बसवा असं मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, मुख्य ट्रेनर तुम्ही, मग पक्षी या अवस्थेत आला कसा? मी गप्प बसले. खरं बोलायचं तर आजोबांचं नाव आलं असतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. आज वाटतं, खरं बोलायचं तर माझं नाव आलं असतं.

आक्का कामावरच राहिली. मे महिन्यात एका हॉटेलच्या गच्चीवर ती साळुंकीमागे गेली. साळुंकी कोपऱ्यावरून वळली. आक्काला शेपटी पसरून वळता आलं नाही, शेपटी राहिलीच कुठे होती? समोर काच होती.

मेली नाही. खांद्याचं हाड तुटलं. डॉक्टर म्हणाले जगेल, पण हवेत पुन्हा नाही. महिन्याभराने मालकांनी तिला मलेशियात, जोहोरच्या एका पक्षीपालकाकडे पाठवलं. कागदावर मी सही केली, पेटीचं दार मी बंद केलं. त्या दिवशी मी तिला तीन लावे घातले होते. तिने तिन्ही खाल्ले.

पुण्याला लांबलेले आजोबा परतल्यावर भेटले ते जूनमध्ये, लिटिल इंडियात, भाजीच्या दुकानात. अळूची जुडी निवडत होते. मला बघून चेहरा उजळला. "अगं, आहेस कुठे? आणि तुझी आक्का दिसत नाही हल्ली. मी बाल्कनीतून बघत असतो."

सुटीवर आहे, असं सांगणार होते. तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. रडत, भेंडीच्या टोपलीशेजारी उभी राहून. पान, साळुंक्या, अर्धं पिल्लू, रेघा, काच. लोक वळून बघत होते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्यांच्या हातातली अळूची जुडी मात्र हळूहळू खाली गेली.

"आणि हे तुला तेव्हाच माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "खीर खाल्लीस त्या दिवशी?"

मी मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस?"

"आजींचं पान होतं, आजोबा. कसं सांगणार?"

त्यांनी अळूची जुडी परत ठेवली. रागावले नव्हते, तेच मला सोसवत नव्हतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी तर गेलेलीच होती गं पोरी. तुझी जिवंत होती."